चव्वेचाळीस पानांचा ॲम्प्लिफायर

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून पुन्हा दैनंदिनी. मागची नऊ जानेवारीला बंद पडली होती, त्यामुळे फार आणाभाका घेत नाही. पण आज कारणच तसं घडलं. साहेबांनी खोलीत बोलावून सांगितलं की नवा डिजिटल ॲम्प्लिफायर मी करायचा आणि जूनमध्ये विक्रेत्यांपुढे मांडायचा. घरी बसून गाणी ऐकणाऱ्या साध्या माणसासाठी. आत एक चिप असणार. ती आवाजाचे आकडे करते, आकड्यांवर गणित करते आणि पुन्हा त्यांचा आवाज करून स्पीकरकडे धाडते. खोली घुमणारी असो, स्पीकर कोपऱ्यात कोंबलेला असो, चिप सगळं निस्तरू शकते.

एकोणीस वर्षं मी शौकिनांसाठी ॲम्प्लिफायर केले. शौकीन माणूस दहा बटनं बघून खूश होतो, साधा माणूस पळून जातो, असं साहेबांचं म्हणणं. "इतका सोपा कर की पुस्तिकासुद्धा लागू नये. जाहिरातीत केवढं शोभेल!"

मी हो म्हणालो. सोपं करणं सोपंच असणार. बटनं कमी केली की झालं.

७ फेब्रुवारी

आमच्याकडे माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एक बाई आहेत. सोळा वर्षं त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसतात, मागे शब्दकोशांची फळी. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं "किती पानं?" आणि "चाळीसेक" यापलीकडे गेलेलं नाही. आज त्या स्वतःहून माझ्याकडे आल्या.

"सर, या वेळी पुस्तिका आधी लिहू का? यंत्र तुम्ही नंतर करा."

मला हसूच आलं. वरातीआधी फोटो छापल्यासारखं झालं हे. पण म्हटलं, लिहा की, माझं काय जातंय. काय काय हवं त्याची यादी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "साहेब म्हणतात पुस्तिका कमी हवी. अजिबातच नसली तर?"

"बाई, असं कुठे असतं का? साहेब काय, बोलतात."

त्याही हसल्या आणि टेबलाकडे गेल्या.

१५ फेब्रुवारी

बाई म्हणतात, यादीप्रमाणे चव्वेचाळीस पानं होतील. खोक्यातल्या थर्माकोलचा साचा आजच टाकायचा होता, म्हणून चव्वेचाळीस पानं मावतील एवढी खाच ठेवायला सांगितली. एक काम हातावेगळं.

१९ फेब्रुवारी

सकाळी टेबलावर एक चिठ्ठी. बारीक, सरळ अक्षर.

"पान ७. 'खोलीचं मोजमाप सुरू करण्यासाठी मेनू बटन तीन सेकंद दाबून धरा.' हे मला लिहिता येत नाही. तीन सेकंद कोण मोजणार?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. जगातली सगळी यंत्रं तीन सेकंद दाबतात! तावातावाने त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी शांतपणे मला बटन बसवलेलं यंत्राचं मोकळं खोकं दिलं आणि म्हणाल्या, "दाबा." मी दाबलं. त्यांनी घड्याळ धरलं होतं. सोडलं तेव्हा दीड सेकंद झाला होता. पुन्हा दाबलं. पाच.

वेगळं बटन ठेवतो आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

पहिला नमुना सासूबाईंच्या घरी नेऊन लावला. त्या वरच्याच मजल्यावर राहतात आणि त्यांना रेडिओ, गाणी, शब्दकोडं एवढंच लागतं. म्हणजे अगदी आमचं गिऱ्हाईक. नियमाप्रमाणे माइक सोफ्याच्या मधोमध, कानाच्या उंचीवर ठेवला. यंत्राने सूंऽऽ करत तळापासून वरपर्यंत सगळे सूर वाजवले, खोली मोजली, चुका सुधारल्या. मी सोफ्यावर बसून ऐकलं आणि डोळे मिटले. काय सांगू, गाणारी बाई समोर येऊन उभी राहिली.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"घुमतंय," सासूबाई म्हणाल्या.

मग बघतो तर त्या खिडकीपाशी बुटक्या खुर्चीत. सोफ्यावर त्या बसतच नाहीत म्हणे. तिथे घडी न केलेले कपडे असतात, मी येणार म्हणून आज उचलले होते.

"जावईबापू, तुमचं यंत्र पाहुण्यांसाठी दिसतंय," असं म्हणून त्यांनी कोडं पुढे सुरू केलं. ही स्वयंपाकघरात इतकी हसली की पेला पडला.

२५ फेब्रुवारी

सोफ्याची गोष्ट बाईंना सांगितली, तर त्यांनी टेबलावरचीच चिठ्ठी उलटी करून दाखवली. कालच्या आधीच लिहून ठेवली होती. "पान ९. 'माइक कानाच्या उंचीवर ठेवा.' हे मला लिहिता येत नाही. कोणाच्या कानाच्या?"

मग म्हणाल्या, "माणूस बसतो तिथे त्याच्याबरोबर काय असतं?"

"चहा. चष्मा."

"रिमोट."

मी उभाच राहिलो. माइक रिमोटमध्येच बसवायचा! रिमोट जिथे असेल तिथे माणूस बसतो, यंत्राने तिथूनच ऐकावं. खर्च नगण्य, गणित तेच. एकोणीस वर्षांत मला सुचलं नाही, आणि या बाईंना एक वाक्य लिहिता येईना म्हणून सुचलं. त्यांच्या कागदावर आता इतकंच आहे: "तुम्ही बसता तिथे रिमोट ठेवा." दोन पानं गेली.

८ मार्च

बाईंच्या चिठ्ठ्यांसाठी मी एक डबा केला आहे. एकतीस झाल्या. त्यांची रीत आता मला कळली. वाक्य साधं होत नसेल तर त्या वाक्याशी झटत बसत नाहीत, यंत्र परत पाठवतात. "दोष वाक्यात नसतो सर, खालच्या वस्तूत असतो."

आज चुकांच्या खुणांवरून जुंपली. तार निघाली की पडद्यावर "ई-०७" येतं आणि पुस्तिकेत ई-०७ शोधायचं, ही जगरहाटी आहे.

"यंत्राला ठाऊक आहे ना, तार निघालीय?"

"आहे."

"कुठली ते?"

"डावीकडची."

"मग नंबर कशाला सांगतंय? लाजतं का?"

पडद्यावर आता "डावी तार निघाली आहे" असं येतं. चार पानं गेली. मला स्वतःचंच नवल वाटतं की दिवसभर चिठ्ठीची वाट बघतो.

१४ मार्च

खोली मोजताना जो सूंऽऽ आवाज होतो, त्याने सासूबाई परवा दचकल्या. म्हणून पडद्यावर टाकलं, "आता मोठा आवाज येईल. घाबरू नका." बाईंनी शेवटचे दोन शब्द खोडले. "घाबरू नका म्हटलं की माणूस विचार करतो, घाबरण्यासारखं काय आहे?" त्यांचं वाक्य: "आता मी खोली ऐकतो. दहा सेकंद बोलू नका."

वर घेऊन गेलो. सासूबाई वाक्य वाचून दहा सेकंद चिडीचूप बसल्या. नंतर म्हणाल्या, "अदबशीर आहे हो तुमचं यंत्र." माझ्याबद्दल हा शब्द त्यांनी सत्तावीस वर्षांत वापरलेला नाही.

२ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

सूर कमीजास्त करायच्या दहा पट्ट्या मी काही सोडत नव्हतो. शौकिनांचा प्राण तो. बाईंची चिठ्ठी: "पान २१ ते २३. एकशे पंचवीस हर्ट्झ म्हणजे काय, हे सांगायला मला तीन पानं लागतात. तीन पानं वाचलेला माणूस गाणं लावणार नाही."

"मग काय, आवाज जाड-बारीक करायची सोयच काढून टाकू?" मी चिडून म्हणालो.

त्यांनी खालच्या खणातून एक जाडजूड फाईल काढली. सोळा वर्षांची गिऱ्हाइकांची पत्रं. तक्रारीची पत्रं उत्तरासाठी त्यांच्याकडेच येतात, हे मला माहीतही नव्हतं. "वाचा," म्हणाल्या. तासभर वाचत बसलो. हर्ट्झ हा शब्द एकानेही लिहिलेला नव्हता. लोक तीनच गोष्टी लिहितात. घुमतंय. शब्द कळत नाहीत. आवाज हळू केला की गाण्यातला जीव जातो.

आणि मला एकदम दिसलं! घुमणं म्हणजे खोलीने फुगवलेले खालचे सूर, ते चिपने दाबायचे. शब्द कळत नाहीत म्हणजे मधल्या वरच्या सुरांना उठाव द्यायचा. हळू आवाजात आपला कान खालचे-वरचे सूर गमावतो, ते हळूच भरून काढायचे. तिन्ही गणितं माझ्या टाचणवहीत पडून होती. फक्त त्यांना माणसाची नावं नव्हती.

रिमोटवर आता तीन बटनं आहेत. "घुमतंय." "शब्द कळत नाहीत." "हळू हवं." माणसाने तक्रार करायची, बाकी यंत्राने बघायचं. जगात असा ॲम्प्लिफायर मी तरी पाहिलेला नाही. बाईंना म्हटलं, तुम्ही थोर आहात. त्या म्हणाल्या, पत्रं थोर आहेत, मी फक्त वाचली.

उरली बारा पानं.

१९ एप्रिल

बाईंचा दात दुखतो आहे. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा अर्धा दिवस रजा. मी माझ्या दातांच्या डॉक्टरचा नंबर दिला. त्यांनी आभार मानून ठेवून घेतला. तरी कामात तसूभर कमी नाही. उरलं एकच कार्ड, दोन्ही बाजूंनी छापलेलं.

६ मे

टापटीप शिकावी तर बाईंकडून. मागची शब्दकोशांची फळी जवळजवळ रिकामी केली. रोज जाताना पिशवीतून दोन-दोन घरी नेतात. मी म्हटलं, "साफसफाई काढली वाटतं?" तर म्हणाल्या, "हो, वजन एकदम उचलवत नाही." माझ्या टेबलावर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आहे. मी पण आवरायला घेणार आहे.

२१ मे

कार्डही गेलं! कार्डावरचं शेवटचं वाक्य होतं, "आधी लाल तार लाल भोकात घाला." आज बाईंनी विचारलं, "काळी तार लाल भोकात जातेच का?" आम्ही दोन्ही टोकांचा आकार बदलला. आता चुकीची तार जातच नाही, मग सांगायचं काय?

मी आनंदाने ओरडलो, "बाई, शून्य पानं!" सगळी खोली वळून बघायला लागली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, समोरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "हो. झालं." मला वाटलं, थकल्या असतील.

१२ जून

विक्रेत्यांची सभा. चाळीस माणसं. मी स्टेजवर एका विक्रेत्याला बोलावलं, बंद खोकं दिलं आणि म्हटलं, लावा. कोणी काही सांगायचं नाही. त्याने सात मिनिटांत लावला. खोली ऐकताना सगळी सभा दहा सेकंद गप्प. मग गाणं सुरू झालं आणि त्याने "शब्द कळत नाहीत" दाबलं तेव्हा जो हशा आणि ज्या टाळ्या! मी माइक घेऊन म्हणालो, "या यंत्राला पुस्तिकेची गरजच नाही. मी ते तसं बनवलंय." पुन्हा टाळ्या. मागच्या रांगेत बाईसुद्धा उभ्या राहून वाजवत होत्या.

खरं तर "आम्ही" म्हणायचं होतं, पण भाषणाच्या भरात तोंडून जातं. आणि पुस्तिकेची गरजच नाही, यापेक्षा बाईंच्या कामाचं मोठं कौतुक कुठलं?

घरी हिला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"आणि त्या बाई काय म्हणाल्या?" हिने विचारलं.

"टाळ्या वाजवल्या."

"आणि?"

"आणि काय?"

ही खिडकी लावायला उठली. कौतुकाचे दोन शब्द हिच्याकडून निघायला मुहूर्त लागतो.

१७ जून

बाईंचं टेबल मोकळं आहे. फळी मोकळी आहे. पत्रांची फाईल माझ्या खुर्चीवर ठेवलेली, वर चिठ्ठी: "ही तुमच्याकडे असू द्या. नवीन पत्रं येत राहतील."

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "पुस्तिका नाही, तर पुस्तिका लिहिणाऱ्या बाई कशाला? पुढची सगळी यंत्रं अशीच करायची. तूच तर चारचौघांत म्हणालास, गरज नाही म्हणून."

परत येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. सात फेब्रुवारी. दाताचा डॉक्टर. शब्दकोश. एकेक पान मीच माझ्या हाताने लिहिलं आहे आणि एकही मला वाचता आलेलं नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्या बाईंना तुम्ही सांगितलंत का हे?"

२३ जून, रविवार

बाईंच्या घरी जाऊन आलो. दोन खोल्या, दारात चपला नीट लावलेल्या. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा रागावतील. त्यांनी पाणी दिलं.

मी विचारलं, नोकरी जाणार हे तुम्हाला कधी कळलं? त्यांनी कपाटातून एक बांधलेली प्रत काढून माझ्या हातात दिली. चव्वेचाळीस पानं, आकृत्यांसकट, तारीख चौदा फेब्रुवारी. पहिल्याच आठवड्यात लिहून झालेली! ही दिली असती तर कोणीही हूं की चूं केलं नसतं. यंत्र वाईट झालं असतं, पुस्तिका छापली असती, आणि बाई खिडकीजवळ बसून निवृत्त झाल्या असत्या.

"मग का नाही दिलीत?"

"सर, माझी पुस्तिका कोणी वाचत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं. पान नऊवर उत्तर असतं आणि लोक मला पत्र लिहून तेच विचारतात. ती पत्रं मीच वाचायची, आणि पुन्हा तेच पान लिहायची. सोळा वर्षं. एकदा तरी खालची वस्तू दुरुस्त करून बघायची होती."

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. स्वतःच्या पायाखालची फळी इतक्या नीटसपणे, एकेक खिळा काढून, दुसऱ्याच्या वाटेसाठी देणारं माणूस पाहिलं नव्हतं.

नोकरीची त्यांना काळजी नाही. दवाखान्यात रुग्णाला थेंबथेंब औषध देणारे पंप बनवणाऱ्यांकडे त्या एक तारखेपासून जाणार आहेत. तीन मुलाखती झाल्या. म्हणजे दात. "तिथे लोक घाईत वाचतात," म्हणाल्या, "तिथे जास्त उपयोग होईल." त्यांचे डोळे चमकत होते.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "माझं काही चुकलं का?" काय बावळट प्रश्न!

त्या म्हणाल्या, "नोकरीचं नाही हो. ते मला ठाऊकच होतं. पण सभेत तुम्ही एक वाक्य म्हणालात. 'मी ते तसं बनवलंय.' ते माझ्याकडे आलं असतं ना, तर मी परत पाठवलं असतं."

२५ जून

दोन दिवस क्षमेचं पत्र लिहितो आहे. सात मसुदे फाडले. प्रत्येकात "भाषणाच्या ओघात", "तसा हेतू नव्हता", "आपणास ठाऊकच आहे". साधं वाक्य होतच नाही. वाक्य साधं होत नसेल तर दोष कुठे असतो, हे आता मला कोणी सांगायला नको.

दुपारी थर्माकोलचे साचे आले. तयार यंत्र ठेवून बघितलं. सगळं चपखल बसलं, फक्त बाजूला एक रिकामी खाच. चव्वेचाळीस पानांच्या जाडीची.

२६ जून

साहेबांना म्हणालो, त्या खाचेत एक कार्ड जाईल. मजकूर मी देणार. ते म्हणाले, जाहिरात टाकू की. मी म्हणालो, कार्ड छापलं नाही तर यंत्राच्या मंजुरीवर माझी सही होणार नाही. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी अशा आवाजात बोललो नव्हतो. ते पेन फिरवत म्हणाले, "काय छापायचं ते छाप."

मजकूर लिहून बाईंच्या घरी पाठवला. दहा ओळी. चांगला जमला आहे.

२८ जून

परत आला. चिठ्ठीसकट.

"'अथक परिश्रम' काढा. मी थकले होते. 'ऋणी आहोत' काढा. गिऱ्हाइकाला त्याचं काय करायचं? 'मार्गदर्शन' काढा. मी वाक्यं लिहिली आणि पत्रं वाचली. उरलेलं हे मला लिहिता येत नाही, कारण यात तुम्ही काय केलंत तेच नाही."

ही वाचून म्हणाली, "बाई खऱ्याच मोठ्या आहेत." मी म्हणालो, मला ते उशिरा कळलं. ही म्हणाली, कळलं ना. तिच्याकडून हे बरंच झालं.

आज पुन्हा बसलो. या वेळी डबा उघडून सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि मग लिहिलं. लिहिताना लाज वाटली, पण वेळ लागला नाही. दोन वाक्यं आणि दोन नावं, बाईंचं वर, माझं खाली:

"इथे चव्वेचाळीस पानांची पुस्तिका येणार होती. ती लागू नये असं यंत्र आम्ही दोघांनी बनवलं."

पाठवून दिलं.

३० जून, रविवार

सकाळी सासूबाईंना पहिलं पक्कं यंत्र लावून दिलं. त्यांनी रिमोट बुटक्या खुर्चीच्या हातावर ठेवला, दहा सेकंद बोलल्या नाहीत, आणि मग गाणं लावून कोडं सोडवत बसल्या. मला कोणी काही विचारलं नाही. उगाच दोनदा विचारून पाहिलं, काही अडचण नाही ना? त्यांनी हाताने गप्प बसायची खूण केली.

खाली आलो तर दारातून पाकीट आत सरकवलेलं होतं. बाई उद्या नव्या कामावर जाणार, त्याआधी पाठवलेलं. माझाच मजकूर, एकही खाडाखोड नाही. सोबत नेहमीची चिठ्ठी. ही माझी त्र्याहत्तरावी.

"हे लिहिता येतं."